नवे औषध मुलांना लगेच का देत नाहीत?

दमा हा शब्द तुम्हांला नवा नाही. उर्दूतही तो हाच आहे. या रोगात श्वासनलिका आतून सुजतात व आकसतात. बहुतेक मुलांना रोजच्या इन्हेलरने आराम पडतो. काहींना तो पुरत नाही. त्यांना रात्री-अपरात्री दवाखान्यात न्यावे लागते.

मग नवे औषध निघाले की ते अशा मुलांना लगेच का देऊ नये? मेपोलिझुमॅब या इंजेक्शनाचेच पाहा. 2014 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, मुख्यतः मोठ्या माणसांमध्ये, दम्याचे झटके सुमारे निम्म्याने घटले होते. पुढे अमेरिकेतील शहरांच्या गरीब वस्त्यांमधील 6 ते 17 वर्षांच्या 290 मुलांवर चाचणी झाली. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे दोन गट केले. एका गटाला वर्षभर दर चार आठवड्यांनी औषध, तर दुसऱ्याला औषध नसलेले इंजेक्शन दिले. कोणाला काय मिळाले, हे ना मुलांना ठाऊक होते, ना डॉक्टरांना.

तुम्ही म्हणाल, दुसऱ्या गटावर हा अन्यायच नाही का? प्रश्न रास्त आहे. पण नेहमीचे उपचार कोणाचेच बंद केले नव्हते. शिवाय अशा चाचणीला आईवडिलांची संमती लागते आणि समजत्या मुलालाही विचारावे लागते.

2022 साली निकाल छापून आला. झटके 27 टक्केच कमी झाले होते! मुलांच्या नाकातील पेशी तपासल्या, तेव्हा त्यांचा दमा इतर वाटांनीही भडकतो, असे दिसले. त्या वाटा हे औषध अडवू शकत नव्हते.