पुस्तकांचा कॉपीराइट : जायज काय, नाजायज काय?

छपाई, बाइंडिंग, पुस्तकविक्री आणि झेरॉक्स या धंद्यांतील आपले काही बांधव वाटेल ते पुस्तक छापून मोकळे होतात. काहीजण भीतीपोटी जे जायज आहे तेही करत नाहीत. पहिल्या प्रकारात लेखकाचे नुकसान होते, दुसऱ्या प्रकारात गरीब विद्यार्थ्याचे. म्हणून या विषयाची माहिती आम्ही येथे देत आहोत.

लेखकाचा हक्क हा माल आहे. आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने 1988 साली कुवेत येथील अधिवेशनात ठरविले की, ग्रंथलेखन, शोध आणि व्यापारी मार्का यांचे हक्क शरीअतनुसार संरक्षित आहेत व त्यांवर अतिक्रमण करता येत नाही. दुसऱ्याचा मार्का लावून कापड विकणे जसे नाजायज, तसेच हे.

परंतु या हक्काला मुदत आहे. कापडाच्या नोंदलेल्या डिझाइनचा हक्क जास्तीत जास्त 15 वर्षे टिकतो. लेखकाच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या पुस्तकाचा हक्क मात्र त्याच्या मृत्यूचे वर्ष संपल्यापासून 60 वर्षे चालतो. पूर्वी ही मुदत 50 वर्षे होती. रवींद्रनाथ टागोरांचे निधन 1941 चे. त्यांची मुदत संपत आली तेव्हा 1992 च्या दुरुस्तीने ती 10 वर्षांनी वाढविण्यात आली. एका लेखकाच्या निमित्ताने इतर अनेकांची पुस्तकेही 10 वर्षे अडकली. अल्लामा इकबाल 1938 साली वारले, म्हणून त्यांचे साहित्य त्याआधीच खुले झाले होते.

साने गुरुजी (निधन 1950) यांचे ‘श्यामची आई’ 2011 पासून, मंटो (1955) यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या कथा 2016 पासून आणि मौलाना आझाद (1958) यांचे ‘गुबार-ए-खातिर’ 2019 पासून खुले आहे. ही पुस्तके कोणीही छापून स्वस्तात विकू शकतो. मात्र अनुवादाचा हक्क वेगळा असतो. कुरआनच्या मूळ अरबी पाठावर कोणाची मालकी नाही. पण आजच्या अनुवादकाचा तर्जुमा परवानगीशिवाय छापता येत नाही.

झेरॉक्सवाल्यांनी दिल्लीचा खटला ध्यानात ठेवावा. दिल्ली विद्यापीठाच्या आवारातील एक दुकान अभ्यासक्रमातील निवडक प्रकरणांचे संच विद्यार्थ्यांना काढून देत असे. 2012 साली ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशकांनी दुकान व विद्यापीठावर दावा लावला. 2016 साली दिल्ली उच्च न्यायालयाने सांगितले की, शिक्षणाच्या कामी लागेल तेवढी नक्कल करण्यास कायद्याच्या कलम 52 मध्ये मुभा आहे. मार्च 2017 मध्ये प्रकाशकांनी दावा मागे घेतला. परंतु अख्खे पुस्तक काढून काउंटरवर सर्रास विकण्यास या निकालाचा आधार घेता येणार नाही.

मोहल्ल्यात वाचनालय चालविणाऱ्यांनाही सवलत आहे. भारतात विकत मिळत नसलेल्या पुस्तकाच्या तीनपर्यंत प्रती बिगर-व्यापारी सार्वजनिक ग्रंथालय स्वतःच्या वापरासाठी काढू शकते.

धंद्यासाठी जाणूनबुजून चोरटी छपाई केल्यास किमान 6 महिने, कमाल 3 वर्षे कैद आणि 50 हजार ते 2 लाख रुपये दंड होऊ शकतो. म्हणून काम घेण्यापूर्वी तीन गोष्टी पाहाव्यात : लेखक कधी वारला, पुस्तक त्याच्या हयातीत निघाले होते काय, आणि अनुवाद कोणाचा आहे. मुदत बाकी असेल तर लेखी परवानगी घ्यावी व ठरलेला मोबदला वेळेवर पोचवावा. मुदत संपली असेल तर बिनधास्त छापावे आणि किंमत अशी ठेवावी की मजुराचे मूलही ते घेऊ शकेल. हलाल कमाईही होईल आणि इल्मही पसरेल.