शोकाच्या घरी सेवकाने काय बोलावे?

पाठ : योहान ११:१७-४४, लूक १३:१-५

९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडारा येथील जिल्हा सामान्य रुग्णालयात नवजात अर्भकांच्या कक्षास आग लागली. कक्षात सतरा बालके होती. सात वाचविण्यात आली, दहा दगावली. आजारी किंवा कमी वजनाची म्हणून आयांपासून दूर ठेवलेली ही लेकरे होती. त्या गोष्टीस वर्षे लोटली, तरी आपल्या जिल्ह्यात कोणाचे तान्हे मूल गेले की तोच प्रश्न उपदेशकापुढे येतो : त्या वेळी देव कोठे होता?

काय बोलू नये हे आधी ठरवू. कोणी म्हणतो, आईबापांचे पाप भोवले. कोणी म्हणतो, मागल्या जन्मीचे कर्म. आणि आपल्यातलेच काही म्हणतात की देवाला ते फूल आवडले म्हणून त्याने ते खुडले. हे शेवटले वाक्य ऐकावयास गोड आहे. पण जिच्या छातीत अजून दूध दाटते आहे, त्या बाईला असा फुले खुडणारा देव कसा दिसत असेल, याचा विचार बोलणाऱ्याने केलेला नसतो. शिलोहातील बुरूज कोसळून अठरा माणसे मेली, तेव्हा ती इतरांहून अधिक पापी होती काय, या प्रश्नास आपल्या प्रभूने स्पष्ट नकार दिला, आणि पश्चात्तापाची गोष्ट काढली ती जिवंत असलेल्या सर्वांसाठी. शिवाय भंडाऱ्याच्या आगीची सरकारने चौकशी नेमली, हे योग्यच झाले. मनुष्यांच्या हयगयीने जे घडते ते देवाच्या इच्छेच्या माथी मारणे हीही आम्ही खोटी साक्षच समजतो.

आता बेथानीस चला. मार्था व मरीया या दोघी बहिणींनी प्रभूस एकच बोल लावला : तो वेळेवर आला असता तर भाऊ मेला नसता. शब्द तेच (वचने २१ व ३२ ताडून पाहावी), पण प्रभूने दोघींस सारखे उत्तर दिले नाही. मार्था उठून वाटेवर सामोरी आली होती, तिला विचारावयाचे होते; तिच्याशी तो पुनरुत्थानाविषयी बोलला. मरीया पायांवर पडून रडत होती. तिला त्याने उपदेश केला नाही, तर तोही रडला. लाजरास आपण थोड्याच वेळात उठविणार हे ठाऊक असूनही रडला! आणि दोघींपैकी एकीलाही, तू असे कसे बोललीस, असे म्हणाला नाही. म्हणून घरात शिरल्यावर आपल्यापुढे मार्था बसली आहे की मरीया, हे सेवकाने आधी पाहावे. ईयोबाचे मित्र सात दिवस जमिनीवर मुकाट बसले होते, तोवर ते खरे मित्र होते.

विचारणारीस मात्र उत्तर द्यावे, आणि ते भिऊन देऊ नये. देव कोठे होता? ज्या देवाचा पुत्र वधस्तंभावर मोठ्याने आक्रोश करून मेला व तिसऱ्या दिवशी उठला, तो देव दुःखाच्या बाहेर उभा राहून पाहणारा नव्हे. दुःख का आले, हे आम्ही सांगू शकत नाही. मरणाचा शेवट कोणाच्या हाती आहे, हे सांगू शकतो. दुसरा प्रश्न हळू आवाजात येतो : बाळाचा बाप्तिस्मा झाला नव्हता, त्याचे काय? ज्या बालकांस प्रभूने कवेत घेतले, त्यांना आणणाऱ्यांची जात किंवा धर्म त्याने विचारल्याचे मार्काने लिहिलेले नाही. दाविदाचे मूल सातव्या दिवशी गेले, तेव्हा आपण त्याच्याकडे जाऊ, असा भरवसा त्याने बोलून दाखविला (२ शमुवेल १२:२३). तेवढा भरवसा आपणही बोलावा.

हा भरवसा खऱ्या दुःखात टिकतो काय, असे कोणी विचारील तर पंडिता रमाबाईंचे चरित्र सांगावे. आईबाप व बहीण दुष्काळात गेली. १८८० साली भाऊ, १८८२ साली पती. पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात आल्या (आपला भंडारा जिल्हा तेव्हा त्याच प्रांतात होता) आणि उपाशी मुली व विधवा यांस केडगावी घेऊन गेल्या. एकुलती कन्या मनोरमा १९२१ साली वारली. दुसऱ्याच वर्षी रमाबाईही गेल्या, पण बायबलाचे मराठी भाषांतर मागे ठेवून. आपले माणूस का गेले, याचा खुलासा त्यांस मिळाला होता असे आम्हांस वाटत नाही. उपाशी मुलगी दिसली की आपली उपासमार आठवे, आणि त्या तिचा हात धरीत.

शोकाच्या घरी पहिल्या दिवशी एकट्याने जाऊ नये. मंडळीतील एक वडील बाई बरोबर घ्यावी, आणि त्या घरी चूल पेटलेली नसते म्हणून भात-वरण शिजवून न्यावे. प्रार्थना लहान करावी. पाहुणे परतल्यावर, महिन्याभराने, पुन्हा जावे. तेव्हा दार ठोठावणारा बहुधा कोणी नसतो. बाळाचे नाव ठेवले होते काय हे आईस विचारावे, आणि ठेवले असेल तर प्रार्थनेत ते नाव घ्यावे.