जुन्या स्मार्टफोनला अपडेट का मिळत नाहीत?

यंत्र जुने झाले की ते झिजते, हा सर्वांच्या अनुभवाचा विषय आहे. गाडीचा आस झिजतो, शिवणयंत्राचा पट्टा सैल पडतो, घड्याळाची कमान थकते. ही झीज डोळ्यांना दिसते किंवा कानांना ऐकू येते आणि मग कारागिराचा शोध सुरू होतो. स्मार्टफोनचे वार्धक्य मात्र निराळ्या प्रकारचे असते. पडदा स्वच्छ असतो, आवाज स्पष्ट असतो, बॅटरीही दिवसभर पुरते. असे असूनही, ज्या फोनवर वरचेवर ‘नवे अपडेट उपलब्ध आहे’ अशी सूचना झळकत असे, त्यावर ती येणे एके दिवशी कायमचे बंद होते. एकही भाग मोडलेला नसतो. मग बिघडले तरी काय, असा प्रश्न साहजिकच उत्पन्न होतो.

या प्रश्नाचे उत्तर बव्हंशी फोनच्या बाहेर सापडते. ते समजण्यासाठी अपडेट म्हणजे काय आणि ते कोणाकोणाच्या हातून तयार होते, हे प्रथम पाहिले पाहिजे.

अपडेटचे दोन प्रकार

फोनची घडण दोन अंगांची असते. चिप, स्मृती, पडदा, कॅमेरा इत्यादी हाताला लागणारे भाग हे त्याचे यांत्रिक अंग. या भागांनी कोणते काम केव्हा व कसे करावयाचे, हे सांगणाऱ्या आज्ञांचा संच म्हणजे आज्ञावली अथवा सॉफ्टवेअर. सर्व आज्ञावल्यांत मुख्य ती ऑपरेटिंग सिस्टिम. फोनचा सारा कारभार तिच्या हाती असतो. भारतातील बहुसंख्य फोन गूगलच्या अँड्रॉइड या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालतात, तर ॲपलचे आयफोन त्याच कंपनीच्या आयओएस या सिस्टिमवर चालतात.

या आज्ञावलीत बदल पाठविण्याची क्रिया म्हणजे अपडेट होय. त्याचे दोन प्रकार आहेत. पहिला प्रकार नव्या आवृत्तीचा. ग्रंथाची सुधारून वाढविलेली आवृत्ती निघावी, तशी ऑपरेटिंग सिस्टिमची नवी आवृत्ती साधारणपणे दरवर्षी निघते व तिच्यात नव्या सोयी असतात. दुसरा प्रकार सुरक्षा-दुरुस्तीचा. लक्षावधी ओळींच्या आज्ञावलीत काही चुका राहून जाणे अपरिहार्य असते. त्यांपैकी काही चुका चोराला आत शिरण्याजोग्या फटीसारख्या ठरतात. त्या बुजविणे हे या दुसऱ्या प्रकारचे काम.

अशा फटीचे एक उदाहरण प्रसिद्ध आहे. जुलै २०१५ मध्ये, चित्रफिती व ध्वनी वाचून दाखविणाऱ्या ‘स्टेजफ्राइट’ नावाच्या अँड्रॉइडच्या भागात गंभीर दोष असल्याचे उघडकीस आले. मुद्दाम सदोष बनविलेली चित्रफीत संदेशाबरोबर पाठवून परक्या माणसाला फोनमध्ये शिरकाव करता येणे शक्य होते. मालकाने ती उघडून पाहण्याचीही आवश्यकता नव्हती. या प्रकरणानंतर, ऑगस्ट २०१५ पासून, गूगलने सुरक्षा-दुरुस्त्यांचे मासिक पत्रक काढण्यास प्रारंभ केला.

अनेक हातांची साखळी

गूगलने दुरुस्ती प्रसिद्ध केली म्हणजे ती थेट प्रत्येक फोनमध्ये पोहोचते, अशी समजूत होणे स्वाभाविक आहे. वस्तुस्थिती तशी नाही. फोनमधील मुख्य चिप बहुधा क्वालकॉम, मीडियाटेक यांसारखी निराळीच कंपनी तयार करते. ऑपरेटिंग सिस्टिम व चिप यांची भाषा जुळावी म्हणून मध्ये ‘ड्रायव्हर’ नावाच्या छोट्या आज्ञावल्या असतात. त्यांना दुभाष्ये म्हणावयास हरकत नाही. ‘छायाचित्र घे’ अशी आज्ञा वरून आली की तिचा अर्थ त्या विशिष्ट कॅमेऱ्याला समजेल अशा रीतीने सांगणे हे ड्रायव्हरचे काम. वर बोलणाऱ्याची भाषा बदलली की दुभाष्यालाही नवी भाषा शिकावी लागते. म्हणून ऑपरेटिंग सिस्टिमची नवी आवृत्ती निघाली की चिपच्या निर्मात्याला पुष्कळदा आपले ड्रायव्हर नव्याने जुळवून घ्यावे लागतात.

त्यानंतर काम फोन बनविणाऱ्या कंपनीकडे येते. ती आपल्या प्रत्येक मॉडेलसाठी आज्ञावली तयार करते, तीत स्वतःच्या सोयी घालते आणि तिची कसून परीक्षा घेते. काही देशांत दूरध्वनीसेवा पुरविणाऱ्या कंपन्याही आपली स्वतंत्र तपासणी करतात. इतक्या हातांतून गेल्यावर अपडेट ग्राहकाच्या फोनवर उतरते. विहिरीचे पाणी बादल्यांनी हातोहात पुढे द्यावे, तशी ही रीत आहे. रांगेतील एकाने हात आखडता घेतला की त्याच्या पुढील सर्वांची बादली रिकामी राहते.

येथे आणखी एक अडचण आहे. पुष्कळ ड्रायव्हर चिपचा निर्माता केवळ यंत्राला कळणाऱ्या रूपात देतो. त्यांचे मूळ लेखन तो स्वतःपाशी ठेवतो. वैद्याने तयार मात्रा द्यावी, पण तिचा पाठ सांगू नये, तसा हा प्रकार आहे. मात्रा घेता येते. तिच्यात बदल करता येत नाही. अर्थात निर्मात्याने एखाद्या चिपकडे लक्ष देणे थांबविले, तर फोन बनविणाऱ्या कंपनीची इच्छा असूनही तिचे हात बांधले जातात.

दोन फोनांची हकिगत

नोव्हेंबर २०११ मध्ये गूगल व सॅमसंग यांचा ‘गॅलेक्सी नेक्सस’ हा फोन बाजारात आला. त्यातील मुख्य चिप अमेरिकेतील टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या कंपनीची होती. २०१२ साली त्या कंपनीने फोनच्या चिपांच्या व्यवसायातून अंग काढून घेण्याचे ठरविले. ऑक्टोबर २०१३ मध्ये अँड्रॉइडची ४.४ ही आवृत्ती निघाली, तेव्हा ती या फोनला मिळणार नाही असे गूगलने सांगितले. अपडेटसाठी ठरविलेली १८ महिन्यांची मुदत उलटली आहे, हे कारण देण्यात आले. दोनच वर्षांपूर्वी जो फोन नव्या अँड्रॉइडचा आदर्श म्हणून मांडला गेला होता, त्याच्यावर ही पाळी आली. विशेष असे की, पुढे हौशी प्रोग्रामरांनी स्वतःच्या श्रमाने तीच आवृत्ती त्या फोनवर चालवून दाखविली. म्हणजे यंत्राची शक्ती संपलेली नव्हती. जबाबदारी घेणारा हात मागे घेतला गेला होता.

दुसरी हकिगत याच्या उलट आहे. नेदरलँड्समधील फेअरफोन या छोट्या कंपनीने २०१५ च्या अखेरीस ‘फेअरफोन २’ हा फोन अँड्रॉइडच्या ५ व्या आवृत्तीसह विक्रीस आणला. काही काळाने चिपच्या निर्मात्याकडून नव्या आवृत्त्यांसाठी साहाय्य मिळणे थांबले. तथापि कंपनीने हे काम स्वतः अंगावर घेतले, हौशी प्रोग्रामरांच्या श्रमांचाही आधार घेतला आणि पायरी-पायरीने त्या फोनला अँड्रॉइडच्या १० व्या आवृत्तीपर्यंत नेले. त्याचे अधिकृत अपडेट २०२३ साली थांबले. सात वर्षांचा हा काळ चिकाटीने मिळविलेला होता.

यंत्राची खरी मर्यादा

याचा अर्थ यांत्रिक अंगाला मर्यादाच नसते, असा मात्र घेऊ नये. पहिला अँड्रॉइड फोन २००८ साली अमेरिकेत विक्रीस आला. त्याची कायम स्मृती अवघी २५६ मेगाबाइट होती. एवढ्याशा जागेत पुढील मोठ्या आवृत्त्या बसविणे दुष्कर होते. त्याची अधिकृत वाटचाल १.६ या आवृत्तीशी संपली.

आयफोनचे उदाहरण अधिक बोधप्रद आहे. २०१२ सालचा आयफोन ५ व २०१३ सालचा आयफोन ५ एस हे दिसावयास जवळजवळ सारखेच. परंतु पहिल्याची चिप एका वेळी ३२ बिटांच्या संख्येवर क्रिया करणारी, तर दुसऱ्याची ६४ बिटांच्या. २०१७ साली निघालेली आयओएस ११ ही आवृत्ती केवळ ६४ बिटांच्या चिपांसाठी होती. त्यामुळे आयफोन ५ मागे राहिला, आणि त्याचा एकाच वर्षाने धाकटा भाऊ २०१८ सालच्या आयओएस १२ पर्यंत पोहोचला. एवढेच नव्हे, तर आयफोन ५ एसला जानेवारी २०२३ मध्येही एक सुरक्षा-दुरुस्ती मिळाली. म्हणजे त्याच्या जन्मानंतर नऊ वर्षांहून अधिक काळाने. चिपची रचना, ऑपरेटिंग सिस्टिम व फोन ही तिन्ही कामे एकाच कंपनीच्या हाती असली म्हणजे साखळी किती आखूड होते, हे यावरून दिसून येईल.

खर्चाचा प्रश्न

ग्राहक फोनची किंमत एकदाच देतो. अपडेटचा खर्च मात्र वर्षानुवर्षे चालू राहतो. प्रत्येक मॉडेलसाठी अभियंते नेमावे लागतात आणि परीक्षणाचे काम पुनःपुन्हा करावे लागते. एखादी कंपनी अनेक स्वस्त मॉडेले काढते, तेव्हा हा भार तितक्याच पटीने वाढतो, आणि स्वस्त फोनवरील नफा अल्प असल्याने त्यांची मुदत बहुधा आखूड ठेवली जाते. शिवाय जुना फोन दीर्घकाळ चालला तर नवा विकला जाण्यास विलंब होतो, हा कंपनीचा हितसंबंधही दृष्टीआड करून चालणार नाही. परिणामी ज्याच्यापाशी पैसा कमी, त्याच्याच पदरी लवकर थांबणारा फोन पडतो. जुना फोन विकत घेणाऱ्याला तर उरलेल्या मुदतीचाच तुकडा मिळतो.

अपडेट थांबल्यावर काय होते?

अपडेट थांबले त्या दिवशी फोन बंद पडत नाही. तो पूर्ववत चालतो, आणि म्हणूनच धोका लक्षात येत नाही. नव्या फोनांसाठी दुरुस्तीचे पत्रक दरमहा निघत असते. त्या पत्रकात कोणत्या भागातील कोणती फट बुजविली, हे जाहीर होते. नव्या फोनच्या मालकाला ते संरक्षण ठरते; पण तीच फट जुन्या फोनमध्ये उघडी राहिलेली असेल, तर ते पत्रक चोराला घराचा नकाशा मिळावा तसे होते. काळ जाईल तशी अशा उघड्या व जगजाहीर फटींची संख्या वाढत जाते.

पूर्वी फोनमध्ये चोरण्याजोगे फारसे काही नसे. आज २०१६ साली सुरू झालेल्या यूपीआयमुळे फोन हीच अनेक कुटुंबांची पैशाची पेटी झाली आहे. बँकेचे गुप्तांक व ओळखपत्रेही त्यातच असतात. यास्तव उघडी फट हा केवळ तंत्रज्ञांचा विषय राहिलेला नाही. याबरोबरच निरनिराळी ॲपेही हळूहळू जुन्या आवृत्त्यांची साथ सोडतात. वर उल्लेखिलेल्या आयफोन ५ एसवर व्हॉट्सॲप चालणे २०२५ मध्ये बंद झाले.

साखळी बळकट करण्याचे प्रयत्न

या स्थितीवर उपाय शोधले गेले आहेत. २०१७ साली, अँड्रॉइडच्या ८ व्या आवृत्तीबरोबर, गूगलने ‘प्रोजेक्ट ट्रेबल’ ही नवी रचना आणली. तिच्यामुळे ऑपरेटिंग सिस्टिम व चिपशी निगडित भाग यांच्यामध्ये निश्चित सीमा आखली गेली आणि एक बदलताना दुसरा उकलण्याची गरज पुष्कळ कमी झाली. २०१९ पासून, अँड्रॉइडच्या १० व्या आवृत्तीपासून, काही भागांच्या दुरुस्त्या गूगल फोन-कंपनीची वाट न पाहता परस्पर पाठवू लागले. २०२३ सालच्या पिक्सेल ८ या फोनसाठी गूगलने आणि २०२४ सालच्या गॅलेक्सी एस २४ या फोनसाठी सॅमसंगने सात वर्षांच्या अपडेटचे वचन दिले. युरोपीय संघाने तर कायद्याचाच आधार घेतला आहे. जून २०२५ पासून तेथे लागू झालेल्या नियमांत, एखाद्या मॉडेलचा शेवटचा नग बाजारात आल्यापासून किमान पाच वर्षे त्याला अपडेट मिळावेत अशी तरतूद आहे.

फोन बाळगणाऱ्याने काय करावे?

प्रत्येकाने आपल्या फोनच्या सेटिंग्जमध्ये जाऊन फोनची माहिती देणारे पान उघडावे. अँड्रॉइड फोनमध्ये तेथे किंवा सुरक्षेच्या पानावर शेवटच्या सुरक्षा-दुरुस्तीचा दिनांक दिलेला असतो. शाळेतील विद्यार्थ्यांनी घरातील सर्व फोनांचे असे दिनांक एका वहीत टिपून त्यांची तुलना करावी. हा पाठ त्यांना आपोआप उमगेल. दिनांक वर्षाहून जुना असेल आणि नवी दुरुस्ती मिळत नसेल, तर त्या फोनवरून पैशाचे व्यवहार करणे टाळणे हिताचे. गाणी ऐकणे, वाचन करणे, छायाचित्रे काढणे यांसाठी तो पुढेही वापरता येतो. अनोळखी ठिकाणांहून ॲप घेऊ नयेत, आणि जी घेतली असतील ती अद्ययावत ठेवावीत.

हौशी प्रोग्रामरांनी तयार केलेली ऑपरेटिंग सिस्टिम काही जुन्या फोनांवर बसविता येते. परंतु अनेक फोन निर्मात्याची अंकीय स्वाक्षरी नसलेली आज्ञावली स्वीकारीतच नाहीत, आणि काही बँकांची ॲपे अशा फोनवर चालत नाहीत. तेव्हा हा मार्ग जाणकारांनीच अवलंबावा. फोन अगदीच निरुपयोगी झाला, तर तो कचऱ्यात न टाकता ई-कचरा स्वीकारणाऱ्या केंद्रात द्यावा. एप्रिल २०२३ पासून अमलात आलेल्या भारतातील ई-कचरा नियमांनुसार अशा वस्तूंच्या पुनर्वापर-प्रक्रियेची जबाबदारी उत्पादकांवर आहे.

नवा फोन घेताना कॅमेरा व किंमत यांबरोबर आणखी एक प्रश्न दुकानदाराला अवश्य विचारावा: याला सुरक्षा-दुरुस्त्या कोणत्या वर्षापर्यंत मिळणार? ही मुदत बहुधा मॉडेल प्रथम बाजारात आल्याच्या दिवसापासून मोजली जाते, खरेदीच्या दिवसापासून नव्हे. म्हणून सवलतीत मिळणारा दोन वर्षांपूर्वीचा फोन दिसतो तितका स्वस्त नसतो. धान्य घेताना मूठभर दाणे हातावर पारखून पाहण्याची आपली रीत आहे. फोनच्या बाबतीत ही मुदत पारखून घ्यावी. ग्राहक हा प्रश्न विचारू लागले, म्हणजे त्याचे उत्तर देणे कंपन्यांनाही भाग पडेल.