बोलण्याआधीं ऐका : हातांतील बिनतारी यंत्राचा एक धडा



गेल्या हिवाळ्यांत आपल्या शाळेची सहल राजमाचीस गेली होती. लोणावळ्याहून गडाकडे जाणारी वाट सुमारे 15 किलोमीटरांची. वाटेंत रान, ओढे व वळणें पुष्कळ, आणि कित्येक ठिकाणीं मोबाईलचा उपयोग होत नाहीं. म्हणून आम्हीं चार वॉकी-टॉकी बरोबर घेतल्या होत्या. पुढल्या तुकडीच्या आरंभीं एक व शेवटीं एक, मधल्या तुकडीकडे एक आणि सर्वांच्या मागें राहणाऱ्या शिक्षकांकडे एक, अशी त्यांची वांटणी केली होती.

तिसऱ्या तासास मागच्या तुकडींतील एका मुलाचा पाय मुरगळला. त्याला पाऊल टाकवेना. शिक्षकांनीं यंत्रावरून पुनः पुनः हांक मारली. परंतु पुढल्या तुकडींतील दोघां विद्यार्थ्यांचा त्याच यंत्रांवर भेंड्यांचा खेळ रंगांत आला होता. मधली तुकडीही तोंपर्यंत पुढलीच्या जवळ जाऊन पोंचली होती. त्यांच्या कानीं भेंड्या तेवढ्या येत होत्या. एखाददुसरा तुटका शब्द मधून आला, पण तो कोणाचा हें कोणास कळलें नाहीं. वीस मिनिटांनीं खेळ थांबला तेव्हां निरोप पोंचला, आणि औषधांची पेटी तर एक किलोमीटर पुढें निघून गेली होती. मुलाचा पाय यथावकाश बरा झाला. परंतु तीं वीस मिनिटें त्यानें उन्हांत दगडावर बसून कशीं काढलीं असतील, हें आम्हांस विसरतां येत नाहीं.

“सर, आमचीं यंत्रें तर सारा वेळ चालूच होतीं,” असें त्या दोघांनीं सांगितलें. तें खरेंच होतें. मग मागची हांक गेली कोठें? या प्रश्नाचें उत्तर शोधणें हाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

यंत्राची रचना व पूर्वेतिहास

वॉकी-टॉकी हें दुतर्फी बिनतारी यंत्र होय. आपल्या आवाजाचें विजेच्या स्पंदनांत रूपांतर करून तीं लहरींवर चढविणारा प्रेषक, आलेल्या लहरींतून आवाज वेगळा काढणारा ग्राहक, दोघांस समाईक असा एरियल, आणि शक्ति पुरविणारी बॅटरी, हे त्याचे मुख्य चार भाग. मोबाईलचें बोलणें मध्यस्थ मनोऱ्यावरून जातें. मनोऱ्याची वीज गेली किंवा आपण त्याच्या टप्प्याबाहेर गेलों कीं तो मुका होतो. वॉकी-टॉकी मात्र दुसऱ्या वॉकी-टॉकीशीं परभारें बोलते. हेंच तिचें बळ, आणि पुढें दिसून येईल त्याप्रमाणें हीच तिची मर्यादाही होय.

कॅनडांतील डोनाल्ड हिंग्ज यांनीं 1937 सालीं वैमानिकांसाठीं असें एक वाहून नेण्याजोगें यंत्र तयार केलें. दुसऱ्या महायुद्धांत, 1943 पासून, अमेरिकन सैनिक पाठीवर जें यंत्र वाहून नेऊं लागले, त्याचें वजन सुमारें 15 किलोग्रॅम होतें व त्याची बॅटरी एकदां संपली कीं टाकून द्यावी लागे. आज तेंच काम पाव किलोहूनही हलकें यंत्र करतें, आणि त्याची बॅटरी शेंकडों वेळां पुनः भरतां येते. पुनः भरतां येणारा विद्युत्-घट फ्रेंच शास्त्रज्ञ प्लांटे यानें 1859 सालीं प्रथम बनविला. तो शिशाचा व जड होता. हलकी लिथियम-आयन बॅटरी बाजारांत आली ती 1991 सालीं. या बॅटरीच्या शोधाबद्दल गुडइनफ, व्हिटिंगहॅम व योशिनो या तिघांस 2019 सालीं रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें.

हांक गेली कोठें?

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. यंत्राची कळ दाबली कीं प्रेषक सुरू होतो, आणि त्याच क्षणीं ग्राहक बंद पडतो. कारण उघड आहे. एरियल एकच व लहरींची कंपनसंख्याही एकच. आपलाच प्रचंड आवाज आपल्या ग्राहकांत शिरला तर दुसरें कांहीं ऐकूं येणें शक्य नाहीं. म्हणजे जो बोलतो तो तेवढ्यापुरता बहिरा होतो. टेलिफोनवर दोघे एकाच वेळीं बोलले तरी एकमेकांस थोडेंबहुत ऐकूं येतें. येथें तसें नाहीं.

याहून महत्त्वाची गोष्ट दुसरी आहे. हीं यंत्रें ज्या रीतीनें आवाज लहरींवर चढवितात, तींत लहरीची उंची कायम ठेवून तिची कंपनसंख्या किंचित् कमी-अधिक केली जाते. या रीतीचा एक विशेष असा कीं, एकाच कंपनसंख्येवर दोन हांका आल्या, तर ग्राहक त्यांतील जोरकस हांक तेवढी उचलतो व दुबळी हांक जवळजवळ पुसून टाकतो. दोन आवाजांचा गलका झाला असता, तर “आणखी कोणी तरी बोलत आहे” एवढें तरी समजलें असतें. येथें तेंही समजत नाहीं. राजमाचीच्या वाटेवर नेमकें हेंच घडलें. जवळच्या भेंड्यांनीं दूरची हांक दाबून टाकली, आणि दाबली गेल्याची खूणही मागें राहिली नाहीं.

यावरून विद्यार्थ्यांनीं हें ध्यानांत धरावें कीं, या यंत्रावरील वाट ही एकाच गाडीच्या रुंदीच्या पुलासारखी सर्वांची मिळून एकच असते. जो कळ दाबून बसला, त्यानें ती सर्वांस बंद केली.

किती दूर ऐकूं जातें?

446 मेगाहर्ट्झची लहर म्हणजे सेकंदास 44 कोटि 60 लक्ष कंपनें. लहरीचा वेग सेकंदास 30 कोटि मीटर. भागाकार केला म्हणजे लहरीची लांबी सुमारें 67 सेंटिमीटर येते. एवढी आंखूड लहर डोंगराला वळसा घालून फारशी जात नाहीं. ती बहुतांशीं प्रकाशाप्रमाणें सरळ रेषेंत चालते. म्हणून दुकानदार सांगतो त्या किलोमीटरांपेक्षां आपण उभे कोठें आहों याला अधिक महत्त्व आहे.

क्षितिजाचें अंतर काढण्याचा सोपा नियम असा : डोळ्यांची उंची मीटरांत घेऊन तिचें वर्गमूळ काढावें व त्यास 3.57 नें गुणावें. उत्तर किलोमीटरांत येतें. सपाट मैदानावर दीड मीटर उंचीवरून क्षितिज सुमारें 4.4 किलोमीटरांवर असतें. 100 मीटर उंचीवरून तें जवळजवळ 36 किलोमीटरांवर जातें. राजमाचीस श्रीवर्धन व मनरंजन असे दोन बालेकिल्ले आहेत. एकावरून दुसरा समोर दिसतो, म्हणून माथ्यावरून माथ्यावर अगदीं स्वच्छ बोलतां येतें. परंतु एक तुकडी डोंगराच्या पाठीमागें उतरली कीं अंतर थोडें असूनही आवाज तुटूं लागतो. अशा वेळीं ओरडून उपयोग नाहीं. चार पावलें उंचावर चढून जावें. शक्ति वाढविल्यानेंही फार साधत नाहीं, कारण मोकळ्या जागेंतसुद्धां दुप्पट अंतरासाठीं चौपट शक्ति लागते.

बॅटरीचा हिशेब

समजा, बॅटरींत 1500 मिलिअँपिअर-तास एवढा सांठा आहे. बोलतांना 500, ऐकतांना 150 व नुसतें वाट पाहतांना 50 मिलिअँपिअर प्रवाह लागतो. शंभर मिनिटांपैकीं 5 मिनिटें बोलणें, 5 मिनिटें ऐकणें व 90 मिनिटें स्तब्धता धरली, तर सरासरी प्रवाह 77.5 येतो, आणि बॅटरी 19 तासांहून अधिक टिकते. आतां भेंड्यांचा हिशेब पाहा : 50 मिनिटें बोलणें, 40 ऐकणें व 10 स्तब्धता. सरासरी 315, बॅटरी पांच तासांच्या आंत संपते. सकाळीं सुरू झालेला खेळ दुपारीं यंत्र मुकें करून सोडील, आणि गड उतरतांना, अंधार पडूं लागला असतां, तें कामास येणार नाहीं.

बॅटरी तिच्यासाठीं दिलेल्या चार्जरनेंच भरावी. उन्हांत तापलेल्या मोटारींत ती ठेवूं नये. फुगलेली दिसल्यास तत्काळ वापर थांबवावा. यंत्र महिनोगणती वापरावयाचें नसेल, तर बॅटरी अर्धी भरून थंड जागीं ठेवावी. पूर्ण रिकामी ठेवल्यास ती बिघडते.

बोलण्याची शिस्त

1. कळ दाबण्यापूर्वीं क्षणभर ऐकावें. वाट मोकळी असेल तरच बोलावें.
2. कळ दाबून एक सेकंद थांबावें, नाहींतर पहिला शब्द कापला जातो.
3. आधीं ज्यास हांक मारावयाची त्याचें नांव, मग आपलें नांव, मग निरोप. निरोप थोडक्यांत सांगावा.
4. बोलणें संपलें कीं “ओव्हर” म्हणून कळ सोडावी, व उत्तर देण्यापूर्वीं दोन सेकंद जाऊं द्यावे. त्या दोन सेकंदांत एखाद्या अडलेल्यास शिरकाव मिळतो.
5. घरगुती वा खाजगी गोष्टी यंत्रावर बोलूं नयेत; त्या कंपनसंख्येवर असणारा कोणीही त्या ऐकूं शकतो.

पालकांस दोन शब्द

पालकांनीं यंत्र विकत घेतांना कायद्याकडेही लक्ष द्यावें. भारतांत 2018 सालच्या नियमांनीं 446.0 ते 446.2 मेगाहर्ट्झ या पट्ट्यांतील अल्पशक्तीच्या यंत्रांस परवान्याची अट काढून टाकली आहे. मात्र यंत्र शासनमान्य प्रकारचें असलें पाहिजे. इतर पट्टे पोलीस, विमानें, जहाजें इत्यादिकांच्या कामाचे असतात. तेथें विनापरवाना बोलणें हा अपराध आहे, व त्यानें कोणाच्या जिवासही धोका पोंचूं शकतो. ज्या विद्यार्थ्यांस या विषयाची खरी गोडी लागेल, त्यांस वयाच्या 12 व्या वर्षानंतर परीक्षा देऊन हौशी बिनतारी परवाना मिळवितां येतो. 2004 च्या डिसेंबरांत त्सुनामीनें अंदमान बेटांचा संबंध तुटला, तेव्हां पोर्ट ब्लेअर येथें असलेल्या भारती प्रसाद व त्यांच्या हौशी सोबत्यांनीं बिनतारी यंत्रांवरून अनेक कुटुंबांचें कुशल पोंचविलें. त्या प्रसंगीं यंत्राइतकीच त्यांची शिस्तही उपयोगास आली.

परतीच्या वाटेवर आम्हीं भेंड्या खेळणाऱ्या त्या दोघांपैकीं एकास सर्वांत मागें, लंगडणाऱ्या मुलाबरोबर ठेविलें व यंत्र त्याच्याच हातीं दिलें. लोणावळा येईपर्यंत तो चार वेळां मात्र बोलला, आणि चारी वेळां त्याची हांक पोंचली. खालीं उतरल्यावर त्यानें आम्हांस विचारलें, “सर, त्या दिवशीं मला ऐकूं आलें नाहीं, तें मी बोलत होतों म्हणूनच ना?” यापुढें त्याला या विषयावर कांहीं सांगण्याची गरज आम्हांस भासली नाहीं.

घरीं, वर्गांत व सभेंतही आपण पुष्कळदां अशीच कळ दाबून बसलेले असतों. जवळच्यांचा गलबला सहज ऐकूं येतो; दूरच्या, दुबळ्या माणसाची हांक त्यांत बुडून जाते, आणि बुडाली हेंही आपणांस कळत नाहीं. म्हणून बोलण्याआधीं क्षणभर कळ सोडून ऐकण्याची संवय विद्यार्थ्यांनीं आतांपासूनच लावून घ्यावी, एवढीच आमची विनंति आहे.