चेन केल्यावर फाईल कुठे उभी असते?

आयबीएम आयवरच्या एका आरपीजी बिलिंग प्रोग्रॅममध्ये प्रत्येक ऑर्डरची पहिली ओळ बिलातून गायब व्हायची. एकाच ओळीची ऑर्डर असेल तर बिल शून्याचं. डेटा तपासून झाला, लॉजिकल फाईल पुन्हा बांधून झाली, तरी तेच. माझ्याकडे सोर्स आला तेव्हा लूपच्या वर सेटएलएलच्या जागी कुणीतरी चेन घातलेली दिसली. ऑर्डरला ओळी आहेत ना, एवढंच बघायचं होतं.

चेन रेकॉर्ड शोधते हे सगळ्यांना ठाऊक असतं. ती तो वाचूनही टाकते, आणि त्यानंतरचं रीडई पुढच्या रेकॉर्डपासून सुरू होतं, हे मात्र विसरलं जातं. सेटएलएल काहीच वाचत नाही. जुळणाऱ्या पहिल्या रेकॉर्डच्या अलीकडे थांबतं. नुसतं अस्तित्व तपासायचं तर तेच वापरा. अपडेटसाठी उघडलेल्या फाईलवर चेन रेकॉर्ड लॉक करून बसते, तो तापही वाचतो. फक्त तपासताना ‘इक्वल’ बघा, ‘फाउंड’ नको. सेटएलएलनंतरचं फाउंड शोधलेल्या किल्लीहून मोठी किल्ली सापडली तरी खरं निघतं.

चेनला रेकॉर्ड सापडलाच नाही, तर फाईलच्या जागेचा भरवसा धरू नका. पुढचं रीड करण्याआधी पुन्हा सेटएलएल करा. शिवाय फील्डमध्ये आधीच्याच रेकॉर्डची मूल्यं तशीच राहिलेली असतात.

याहून छळणारा प्रकार सबरूटीनचा. आयटम मास्टर रीडने ओळीने वाचत असता, एखाद्या मालाला पर्यायी माल दिलेला असतो, आणि त्याचं नाव आणायला सबरूटीन त्याच फाईलवर चेन करतं. सबरूटीन कितीही वेगळं लिहा, फाईलमधली खूण एकच: दोघांनी एकाच खतावणीत एकच बोट ठेवून वाचावं तसं. पर्यायी माल किल्लीच्या क्रमात पुढे असला तर मधले आयटम सुटतात, आणि अहवाल बिनतक्रार पूर्ण होतो. मागे असला तर लूप फिरून त्याच मालापाशी येतो, पुन्हा मागे जातो, आणि जॉब संपतच नाही. मला विचाराल तर हा दुसरा बरा. निदान रात्री कुणी तरी फोन करतं.

चेननंतर पुन्हा सेटजीटीने जागेवर येता येतं, पण ती ओळ पुढच्या दुरुस्तीत कुणीतरी उडवतंच. त्यापेक्षा तीच फाईल वेगळ्या नावाने पुन्हा जाहीर करावी आणि रेकॉर्ड फॉरमॅटचं नाव बदलून घ्यावं. आयबीएम आयच्या व्हर्जन ६.१पासून प्रोसीजरच्या आतही फाईल जाहीर करता येते, तिची जागा स्वतंत्र असते. तिथे रेकॉर्ड वाचायला डेटा स्ट्रक्चर द्यावं लागतं, आणि स्टॅटिक लिहायला विसरलात तर दर हाकेला फाईल उघडून बंद होत राहते.