लायसनवरची तारीख

बाळापूर हे मन आणि म्हैस या नद्यांच्या संगमावरचे जुने गाव. एके काळी इथल्या किल्ल्याकडे घोडे आणि बैलगाड्या जात. आता इथून राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ५३ जातो. एका बाजूला अकोला, दुसऱ्या बाजूला खामगाव. कापूस, भाजीपाला, शाळेची पोरे, बाजाराला निघालेल्या बाया, सारे काही चाकांवर. गरीब घरातही एखादी जुनी फटफटी असतेच.

फटफटी आली म्हणजे लायसन आले. लायसन म्हणजे गाडी चालवण्याचा परवाना. तो खिशात सगळे ठेवतात. पण त्यावर काय लिहिले आहे, हे कोण वाचतो?

"काका, लायसनची तारीख पाह्यली का?"

"तारीख कायले पाहू? वीस वर्सांचं लायसन आहे माह्यं."

"काढलं कधी?"

"दोन हजार पाचमंदी."

"मंग काका, वीस वर्सं तं होऊन गेले!"

काकांनी खिशातून कार्ड काढले आणि पुतण्याच्या हाती दिले. असे काका गावोगाव आहेत. त्या वेळी ते चोवीस वर्षांचे होते. तेव्हाच्या नियमाप्रमाणे घरच्या गाडीचे लायसन वीस वर्षे चाले, किंवा माणूस पन्नास वर्षांचा होईपर्यंत चाले. यांपैकी जे आधी येईल ते खरे. म्हणून काकांचे लायसन २०२५ साली संपले.

मोटार वाहन कायदा १९८८ सालचा आहे. २०१९ साली त्यात मोठे बदल झाले. आता घरच्या गाडीच्या लायसनची मुदत वयावर ठरते. तीस वर्षांच्या आतल्या माणसाने लायसन काढले, तर ते त्याच्या चाळिसाव्या वर्षापर्यंत चालते. तीस ते पन्नास या वयात काढले, तर दहा वर्षे चालते. पन्नास ते पंचावन्न या वयात काढले, तर साठ वर्षे पुरी होईपर्यंत. पंचावन्नच्या पुढे दर वेळी पाच वर्षे. लायसन नवे असो की नूतनीकरण केलेले, हिशोब हाच. नूतनीकरण म्हणजे मुदत पुन्हा वाढवून घेणे. काकांना आता वीस नव्हे, दहा वर्षे मिळतील.

भाड्याने माल किंवा माणसे नेणाऱ्या गाडीचे लायसन पूर्वी तीन वर्षांचे असे. आता ते पाच वर्षांचे झाले.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. पूर्वी मुदत संपली तरी पुढचे तीस दिवस लायसन चालत असे. ही तीस दिवसांची सवलत २०१९ साली काढून टाकली. आज मुदत संपली, तर उद्या तुम्ही बिनलायसनचे.

इथे पुष्कळांचा घोटाळा होतो. ते म्हणतात, "मुदतीनंतर एक वर्ष सूट असते ना जी?" सूट आहे, पण ती अर्ज करण्याची आहे, गाडी चालवण्याची नाही. मुदत संपण्याच्या आधी एक वर्षापासून अर्ज करता येतो. मुदत संपल्यावरही एक वर्षापर्यंत अर्ज करता येतो. त्याहून उशीर झाला, तर गाडी चालवण्याची परीक्षा पुन्हा द्यावी लागते. मात्र मुदत संपल्यापासून नवे लायसन हाती येईपर्यंत गाडीला हात लावायचा नाही.

लावला तर काय होते? बिनलायसन गाडी चालवण्याचा दंड पूर्वी पाचशे रुपयांपर्यंत होता. आता कायद्यात पाच हजार रुपये आहे. तीन महिन्यांपर्यंत कैदही होऊ शकते. ज्याने गाडी चालवायला दिली, त्या मालकालाही शिक्षा आहे.

दंड भरून माणूस सुटतो. अपघात झाला तर सुटत नाही. समजा, गाडीचा विमा आहे, पण चालवणाऱ्याचे लायसन संपलेले आहे. धक्का लागून कोणी दगावला. कोर्ट विमा कंपनीला सांगू शकते की भरपाई आधी तुम्ही द्या, मग ती मालकाकडून वसूल करा. सर्वोच्च न्यायालयाने २००४ सालच्या एका निकालात हा मार्ग सांगितला आहे. भरपाईची रक्कम लाखांत जाते. एवढे पैसे शेतकरी कुठून आणणार? मग नजर वावराकडे जाते.

म्हणून आज कार्ड हातात घ्या. त्यावर दिवस, महिना, वर्ष अशी तारीख असते. आकडे इंग्रजी असतात, पण मोबाइलवर नंबर लावणाऱ्याला ते ओळखू येतात. तारखेजवळ 'एनटी' ही अक्षरे असली, तर ती घरच्या गाडीची मुदत. 'टीआर' असली, तर भाड्याच्या गाडीची. काही कार्डांवर दोन्ही तारखा असतात आणि त्या वेगळ्या असतात. दोन्ही वाचा.

छोट्या मालगाडीसाठी वेगळा शेरा लागतो का, हा वाद पुष्कळ वर्षे चालला. २०२४ च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाने तो मिटवला. साडेसात हजार किलोच्या आतली मालगाडी हलक्या मोटारीच्या लायसनवर चालवता येते.

आणखी एक बदल आपल्या कामाचा आहे. भाड्याची गाडी चालवणाऱ्याला आठवी पास असण्याची अट होती. केंद्र सरकारने ती २०१९ साली काढली. आमच्या मते हे बरे झाले. हात चांगला असून कागदापायी किती जण अडून बसले होते! पण 'पुढे अरुंद पूल आहे' ही पाटी वाचता आलीच पाहिजे. पाटी वाचून दाखवायला शेजारी कोणी बसलेला नसतो.

बाळापूरचे काम अकोल्याच्या प्रादेशिक परिवहन कार्यालयात होते. आपण त्याला आरटीओ म्हणतो. अर्ज 'सारथी' या सरकारी संकेतस्थळावर भरतात. स्वतःला जमत नसेल, तर सेवा केंद्रात भरून घ्या. पावती मागा, तिच्यावरचा आकडा स्वतः वाचा. दलालाच्या हाती मूळ लायसन देऊन घरी येऊ नका.

वय चाळीसच्या पुढे असेल, किंवा भाड्याची गाडी चालवायची असेल, तर डॉक्टरचा दाखला लागतो. त्याला नमुना १-अ म्हणतात. न तपासताच सही देणारा डॉक्टर शोधू नका. पंचवीस मीटरवरून मोटारीच्या नंबराची पाटी वाचता आली पाहिजे. चष्मा असेल तर लावून वाचली तरी चालते. ही परीक्षा घरीच करून पाहा. पाटी धूसर दिसली, तर आधी डोळे दाखवा. मोतीबिंदू असला, तर तो वेळेवर कळेल.

आता वहीत दोन गणिते करा. एक भाऊ २८ वर्षांचा आहे. त्याने आज फटफटीचे लायसन काढले. ते किती वर्षे चालेल? एक ताई ५१ वर्षांच्या आहेत. त्यांनी आज नूतनीकरण केले. त्यांना पुन्हा किती वर्षांनी जावे लागेल? मग घरातले प्रत्येक लायसन बाहेर काढा, आणि नावापुढे तारीख लिहून तो कागद भिंतीवर लावा.