मुका झटका

उमरेडच्या रस्त्याने नागपुरात शिरताना सक्करदरा लागते. तेथील बुधवारच्या बाजारात भाजी आणणारे एक गृहस्थ आमच्या ओळखीचे आहेत. वय ५५. अंगाने धडधाकट. कांद्याचे पोते एकटे उचलतात. एकदा ते सायकलवरून पडले. डोक्याला मार लागला, म्हणून डॉक्टरांनी मेंदूचा फोटो काढला. ते म्हणाले, "आताचा मार किरकोळ आहे. पण मागे कधीतरी तुम्हाला दोन झटके येऊन गेलेत."

गृहस्थ हसले. "मले कुठला झटका जी? ना तोंड वाकडं झालं, ना हात लुळा पडला."

डॉक्टरांचे म्हणणे खरे होते. ते कसे, पाहा.

मेंदूचे वजन दीड किलोच्या आतच. पण अंगाला लागणाऱ्या प्राणवायूचा पाचवा हिस्सा त्याला एकट्याला लागतो. तो रक्तातून येतो. शेतात पाटातून सरीला पाणी जाते ना? सरीत गाळ बसला की पुढची रोपे वाळतात. तसेच मेंदूतही होते. हात-पाय चालवणाऱ्या भागाचे रक्त अडले तर लकवा होतो. अडलेली जागा लहान आणि बाजूची असली, तर त्या वेळी काहीच कळत नाही. डाग मात्र राहतो. डाग वाढत गेले की चाल मंदावते, विसर पडू लागतो. घरचे म्हणतात, म्हातारा झाला.

हॉलंड देशात रॉटरडॅम नावाचे शहर आहे. तेथे ६० ते ९० वर्षांच्या हजारावर माणसांच्या मेंदूचे फोटो काढले. त्याची माहिती २००२ साली छापली गेली. पाचांत एकाच्या मेंदूत असे मुके डाग निघाले!

मग हे कशाने होते? पहिले कारण बीपी, म्हणजे वाढलेला रक्तदाब. रक्ताचा जोर रात्रंदिवस जास्त राहिला की मेंदूतल्या बारीक नळ्या जाड होतात, आतून अरुंद होतात. बीपी दुखत नाही, हीच अडचण. दुखले असते तर माणूस दवाखान्यात धावला असता. कित्येक जण चार दिवस गोळी घेतात, बरे वाटले की सोडून देतात. बरे वाटते ते गोळीमुळे, हे लक्षात घेत नाहीत. मीठही बीपी वाढवते. दिवसभरात एक लहान चमचा पुरे, त्यात लोणचे-पापड आले.

दुसरे कारण तंबाखू. बिडीचा धूर नळ्यांना आतून खराब करतो. आणि आमच्या नागपूरचा खर्रा! राज्यात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली, पण खर्रा घोटणारे हात काही थांबले नाहीत. त्यातल्या तंबाखूने नळ्या आवळतात, छाती धडधडते. सुपारी खातो म्हणणाऱ्यांनी आधी पुडी उघडून पाहावी.

मधुमेह, रक्तातली चरबी, झोपेत घोरताना श्वास अडकणे, हीही कारणे आहेत. काहींच्या हृदयाचे ठोके बेताल पडतात. मग तेथे रक्ताची गुठळी होते आणि ती वाहत मेंदूत जाते.

म्हणून सगळ्यांनी मेंदूचा फोटो काढायला धावू नये. तो खर्च कशाला? आधी आरोग्य केंद्रात बीपी मोजून घ्या. मोजण्यापूर्वी अर्धा तास चहा, बिडी, खर्रा नको. पाच मिनिटे स्वस्थ बसा. नर्सबाई दोन आकडे सांगतील. १४० आणि ९०, यांपैकी एक जरी पुन्हा पुन्हा ओलांडला, तर डॉक्टरांना दाखवा. आकडे तारीख घालून वहीत लिहा. आता तुम्हाला लिहिता येते.